गाईडबाईंच्या गाडीतली पुरचुंडी

नोकरीत असंख्य पंचनामे लिहिले. त्यातले बहुतेक आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. पण महाड-पोलादपूर भागातली एक झडती मात्र काल घेतल्यासारखी आठवते, आणि आठवली की आधी कान गरम होतात, मग हसू येतं. कुणाचं नाव सांगणार नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

मी तेव्हा त्या भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. मार्च तोंडावर आला होता आणि चवदार तळ्याच्या बंदोबस्ताच्या बैठकांनी डोकं भणभणलं होतं. अशात पुण्याचे एक गृहस्थ ठाण्यात आले. रायगड पाहायला आले असताना त्यांनी 'गडावर सापडलेलं' म्हणून तांब्याचं एक जुनं नाणं विकत घेतलं होतं, आणि सराफाने ते बनावट ठरवलं होतं. मी विचारलं, "खरं निघालं असतं तर आला असता का तक्रार द्यायला?" गडावरची जुनी वस्तू विकणं गुन्हा आणि घेणंही अंगाशी येणारं, हे ध्यानात येताच गृहस्थांनी विकणाऱ्याचं वर्णनसुद्धा न सांगता काढता पाय घेतला. तेलही गेलं, तूपही गेलं.

पुढच्याच आठवड्यात सकाळच्या हजेरीच्या वेळी ठाणे अंमलदारांच्या टेबलावरचा फोन वाजला. बोलणारा घाईत होता. "गडाच्या नाण्यांचा धंदा कोन करतं ठाव हाय का? ती गाडीवाली गाईडबाई. सकाळी गिऱ्हाइकाला गड दावते, सांजच्याला हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर माल देते. येत्या रविवारी तिची गाडी तपासा." एवढं बोलून फोन बंद. नंबर शोधला, तोही बंद.

बाईंची गुप्त चौकशी केली. आंबेनळी घाटाच्या पायथ्याकडच्या एका वाडीतली ही बाई. नवरा मुंबईत नोकरीला. तिनेही मुंबईत बरीच वर्षं शाळेची व्हॅन चालवली आणि मग गावी येऊन स्वतःची गाडी घेतली. तिचं काम एका दिवसाच्या खाजगी सहलीचं. एक गाडी, एक कुटुंब, सकाळी रायगडावरचे वाडे-महाल, संध्याकाळी समुद्र. आसपास असं काम करणारी बाई दुसरी नव्हती. वाडीत कुरकुर होतीच, की परक्या माणसांना घेऊन बाईमाणूस दिवसभर फिरते कशी. म्हणजे बोट दाखवायला लोक आधीच टपलेले. अशा माणसावर गुन्हा दाखल झाला तर तो कोर्टात टिको न टिको, तिचा धंदा त्याच दिवशी बसणार, हे मला कळत होतं. म्हणून ठरवलं की स्वतः जाऊन पाहायचं.

आमच्या ठाण्यातल्या हवालदारबाईंना माझी पत्नी म्हणून बरोबर घेतलं आणि रविवारची सहल ठरवली. स्टेशन डायरीत नोंद केली, किनाऱ्याच्या ठाण्याला कळवलं, दोन शिपाई साध्या वेषात वेगळ्या गाडीने किनाऱ्यावर पाठवले. घरी सांगितलं तेव्हा माझी खरी पत्नी म्हणाली, "निदान तिच्याशी तरी दिवसभर नीट बोला."

माणगावला रेल्वेत बसून वीर स्टेशनला उतरलो, मुंबईहून आल्यासारखे. रिक्षावाल्यांच्या गराड्यापलीकडे बाई उभ्याच होत्या. चाळिशीच्या, उंच, पायात बूट, आणि तोंडाचा पट्टा सुरू. "या! बॅगा मागे, तुम्ही पुढे, आणि वहिनी खिडकीशी. घाटात वळणं लागली तर लाजायचं नाही, आधी सांगायचं." गाडीत बसता बसता हवालदारबाईंनी रुमाल पाडला आणि तो उचलण्याच्या निमित्ताने सीटखाली, पायपुसण्यासकट, हात फिरवला. तिथे काही नव्हतं. हवालदारबाई 'अहो' इतक्या सहज म्हणत होत्या की मीच बावरत होतो.

रोपवेने वर गेलो. मी ह्याआधी बंदोबस्ताला गडावर कितीदा तरी आलो होतो, पण बंदोबस्तावरचा पोलीस गर्दी पाहतो, गड पाहत नाही. राणीवशाच्या रांगेत तिने आम्हाला एका महालाच्या जोत्यावर उभं केलं. "भिंती नाहीत म्हणून हळहळायचं नाही. दार कुठे असेल ते तुम्ही मला सांगायचं. वारा कुठनं येतो बघा, पाणी कुठे जात असेल बघा." आणि खरोखर, हवालदारबाईंनी दार शोधलं, मी दगडातली पाण्याची वाट शोधली. मोकळ्या जोत्यांवर हळूहळू घरं उभी राहायला लागली. कुठे सावलीत बायका बसत असतील, कुठून गंगासागर दिसत असेल. ह्या बाईने पाठ केलेलं एकही वाक्य म्हटलं नाही. सनावळ्या तर विचारल्याशिवाय सांगायची नाही. माणसाला विचार करायला लावून गप्प उभं राहायचं, ही तिची रीत. आम्हीही संशयिताला बोलतं करताना तेच करतो, पण इतक्या प्रेमाने नाही. संशय डोक्यात घेऊन आलेला मी, दुपार व्हायच्या आत मनातून तिला दाद देत होतो.

राजसदरेवर तिने मला सिंहासनाच्या जागेसमोर उभं राहायला सांगितलं आणि स्वतः दूर नगारखान्याच्या दरवाजात गेली. तिथे हळू बोललेलं इथे ऐकू येतं, हे ती दाखवणार होती. मी वळलो, समोर मेघडंबरी, आणि काय झालं कळायच्या आत माझ्या टाचा जुळल्या आणि हात कपाळाला गेला. खाकीतल्या माणसाची सवय. त्याच क्षणी कानाशी बोलल्यासारखा आवाज आला, "साहेब, टोपी नसताना सॅल्यूट करतात का?"

हवालदारबाईंनी तोंडाला पदर लावला. मी मनात म्हटलं, सापळा गेला बाराच्या भावात. पण बाई हसत परत आल्या आणि म्हणाल्या, "सुट्टीवर आलात तरी खाकी काही उतरत नाही. कुठल्या ठाण्याला असता?" तिला वाटलं होतं, पोलीस आहेत, बायकोला घेऊन फिरायला आलेत. मी लांबच्या एका जिल्ह्याचं नाव सांगितलं.

उतरायच्या आधी तिने आम्हाला थांबवलं. "आता खिसे दाखवा." मला वाटलं चेष्टा आहे. नव्हती. तिच्या प्रत्येक पाहुण्याचे खिसे आणि पिशव्या ती पाहते. "गडावरनं खाली फक्त फोटो न्यायचे. माणसं विटेचा तुकडा नेतात, दगड नेतात. चोर म्हणून नाही नेत, भक्तीने नेतात, पण गेलं ते गेलंच." मी निमूटपणे खिसे उलटे केले. आयुष्यभर दुसऱ्यांची अंगझडती घेतली, माझी घेणारी ही पहिलीच. माझ्याकडे काही निघालं नाही. हवालदारबाईंच्या रुमालाच्या गाठीत मात्र चिमूटभर माती निघाली. घरच्या देव्हाऱ्यात ठेवायला समाधीजवळून उचललेली. त्या लाजेने लाल झाल्या. गाईडबाई रागावल्या नाहीत. दोन्ही हातांनी माती घेतली, एका जोत्याच्या दगडाशी ठेवली आणि म्हणाल्या, "वहिनी, देव्हाऱ्यात तुमचा देव आहेच. ही इथलीच राहू दे." मग सहज पुढे म्हणाल्या, "आणि खाली कुणी जुनं नाणं दाखवलं तर घेऊ नका. खरं असलं तर गुन्हा, खोटं असलं तर मूर्खपणा."

हवालदारबाई मला बाजूला घेऊन कुजबुजल्या, "सर, ही चोर नाही." मलाही तेच वाटत होतं. पण मुरलेला चोरही हेच बोलेल, असं पोलिसाचं डोकं सांगत होतं. विश्वास वाटणं हा काही पुरावा नसतो.

खाली पार्किंगजवळ एक टपरी होती. टपरीवाल्याने खुंटीवरची गाडीची चावी काढून तिच्या हातात दिली. जेवण तिने ओळखीच्या घरी सांगून ठेवलं होतं. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, सुकटीची चटणी. आग्रह करकरून तिनेच वाढलं. मग लांबचा रस्ता कापून आम्ही उन्हं कलताना हरिहरेश्वरला पोचलो. ओहोटी पाहून, कुठे पाय ठेवायचा ते दाखवत तिने आम्हाला खडकांवरून प्रदक्षिणेच्या वाटेने नेलं. लाटांनी खडकाला पाडलेली जाळी, तिरप्या उन्हातलं पाणी. क्षणभर मी कशासाठी आलोय ते विसरलो. हा दिवस मी पैसे मोजून सुद्धा पुन्हा घेतला असता.

गिऱ्हाईक म्हणून कुणी आलं नाही. शिपायांनी लांबूनच मान हलवली. पण माहिती मिळालेली असताना गाडी न पाहता परतणं नियमात बसत नव्हतं. मी ओळखपत्र काढलं, दोन पंच बोलावले आणि झडतीला सुरुवात केली. फिरायला आलेली माणसं जमली, मोबाईल वर झाले. मागच्या सीटखाली, पायपुसण्याच्या आत, कापडाची एक पुरचुंडी निघाली. तिच्यात हिरवट पडलेली तांब्याची नाणी.

बाईंच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. मग फक्त एवढंच म्हणाल्या, "माझ्या हातचं जेवलात ना हो तुम्ही?" हवालदारबाईंनी मान खाली घातली.

सूर्य मावळला होता. सूर्यास्तानंतर बाईला अटक करता येत नाही, आणि खरं सांगायचं तर मला करायचीही नव्हती. गाडी आणि नाणी जप्त केली, चौकशीला हजर राहण्याची नोटीस दिली आणि हवालदारबाईंबरोबर तिला घरी पोचवलं. दुसऱ्या दिवशी ठाण्यात झाडू मारून होण्याच्या आत ती येऊन बाकावर बसली होती.

"गाडीत नाणी कशी आली?"

"मला ठाऊक असतं तर तुमच्याआधी मीच काढली नसती का?"

"कुणावर संशय?"

"मी कुणावर नाव घालणार नाय. तुमी शोधा. पगार तुमाला त्याचा हाय." रागावली की तिच्या तोंडी वाडीची भाषा यायची.

हवालदारबाईंनी आपलं म्हणणं नोंदवलं. वीरला गाडीत बसताना सीटखाली काही नव्हतं. मग पुरचुंडी आली कधी? दिवसभर बाई आमच्या नजरेसमोर होत्या. गाडी जेवताना समोर अंगणात होती, किनाऱ्यावर शिपायांच्या नजरेत होती; नजरेआड झाली ती फक्त आम्ही गडावर असताना. मी विचारलं, "गडावर जाताना चावी कुठे असते?"

"टपरीवर. सगळेच ठेवतात. गर्दी झाली की गाड्या पुढंमागं कराव्या लागतात ना."

टपरीवाल्याला बोलावलं. वयस्क, गोड बोलणारा माणूस. चावी? हो, टांगलेली असते, कुणीही घेईल. नाणी? राम राम राम, आपण फक्त सरबत विकतो. तासभर त्याने दाद दिली नाही. तेव्हा मी आवाज न चढवता म्हटलं, "काका, ही नाणी तज्ज्ञांकडे पाठवतोय. खरी निघाली तर साधी फसवणूक राहत नाही. पुरातन वस्तूंचा कायदा लागतो. ज्याने ठेवली त्याला मग आम्हीही वाचवू शकत नाही."

तो कासावीस झाला. "खरी कशी निघतील, साहेब? खोटीच हायत ती!"

"तुम्हाला काय माहीत?"

"आता मीठ-लिंबू लावून शेणात पुरली तर हिरवी नाय पडणार तर काय…"

हवालदारबाईंनी लिहिता लिहिता, भाजी कशी केली विचारावं तसं विचारलं, "किती दिवस पुरायची?" आणि तो सवयीने सांगूनही गेला. "पंधरवडा तरी." मग त्याने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. बाई आपल्या पाहुण्यांना त्याची नाणी घेऊ देत नव्हत्या, बाकीचे गाडीवालेही तिचं ऐकून पाहुण्यांना सावध करायला लागले होते. त्याचा राग त्याने असा काढला होता. फोनही त्यानेच केला होता.

मी बाईंना बोलावून गाडी परत दिली. "तुम्ही मोकळ्या आहात."

"मोकळी तुमच्या कागदावर," ती म्हणाली. "किनाऱ्यावरचा व्हिडिओ वाडीत कवाच पोचलाय. शिमग्याला मुंबईकर आलेत, आज गावकी बसतेय. माझी गाडी बंद करायचं ठरणार हाय. चार माणसांत नाव घेतलंत साहेब, चार माणसांतच परत द्या."

असा कुठलाही नियम नाही. पंचनाम्याचा, जप्तीचा, अटकेचा छापील नमुना आहे. माणसाला त्याचं नाव परत देण्याचा नमुना मी कुठे पाहिला नाही. मी गणवेश चढवला, हवालदारबाईंना घेतलं आणि वाडीत गेलो. पालखी बसते त्या सहाणेपुढे सगळी गावकी जमली होती. मी उभा राहून सांगितलं. तक्रार खोटी होती, नाणी खोटी होती, ठेवणारा सापडला आहे, आणि ह्या बाईंनी गडावरून चिमूटभर मातीसुद्धा माझ्या हवालदाराला आणू दिलेली नाही. मी त्यांना हात जोडले. हवालदारबाईंनीही जोडले.

गावकीचे प्रमुख म्हणाले, "साहेब, पोलीस असं सांगाय पन येतात व्हय?" गाडी बंद करायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

तपास म्हणजे गुन्हेगार सापडणं, असं मी तोवर समजत होतो. त्या संध्याकाळनंतर मी तसं कधी समजलो नाही. संशय आपण जितक्या मोठ्याने बोलतो तितक्याच मोठ्याने तो मागे घेता आला पाहिजे, तेव्हा कुठे तपास पुरा होतो. पुढे नव्या अधिकाऱ्यांना मी हे सांगत असे.

आम्ही निघणार तोच बायकांच्या घोळक्यातून एक थकलेली म्हातारी काठी टेकत पुढे आली. वाडीत कुरकुर करणाऱ्यांत हीच सगळ्यात पुढे असायची, असं मला नंतर कळलं. ती गाईडबाईंसमोर उभी राहिली.

"काय गो, मुंबै-पुन्याची मानसं नेतेस. जलम गेला रायगड रायगड ऐकत, आमी वर कवा गेलो नाय. समुद्र पन नाय बघितला. आमाला कवा नेशील?"

गाईडबाई तडक गाडीपाशी गेल्या, पुढच्या सीटवरची धूळ पदराने पुसली आणि म्हातारीसाठी दार उघडून उभ्या राहिल्या.