शेवटच्या प्रकरणाच्या अलीकडे

आज सकाळी गवार मोडता मोडता माझं बोट आपोआप फोनवर गेलं आणि मी चालू असलेलं ऑडिओबुक थांबवलं. थांबवायचं तसं काही कारण नव्हतं. दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातला तो तिरसट उमराव भर मेजवानीत नायिकेकडे पाठ करून उभा होता, एवढंच.

पण याच जागी सासूबाई विचारायच्या, "ठरलं का गं त्यांचं?"

त्यांना इंग्रजी कळत नसे. समोर बसून शेंगांच्या शिरा काढत त्या नुसता वाचणाऱ्या बाईचा आवाज ऐकायच्या. तो चढला की मी पुस्तक थांबवून त्यांना गोष्ट सांगायची. एरवी आम्हा दोघींचं बोलणं भाजीत मीठ किती, याच्या पुढे कधी गेलं नाही. त्या उमरावावर मात्र त्या मनापासून चिडायच्या. "मुलगी एवढी चांगली, मग अडलंय कुठं मेल्याचं?"

ऐकलेल्या पुस्तकाला ऐकल्याची जागा चिकटून राहते. मेजवानीचं वर्णन सुरू झालं की समोरून शेंगा मोडल्याचा बारीक आवाज येतो. मी मान वर करत नाही.

सासूबाई गेल्या तेव्हा शेवटचं प्रकरण ऐकायचं राहिलं होतं. असल्या पुस्तकांत शेवटी लग्न होतंच, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर मी ते प्रकरण लावत नाही. तिथपर्यंत येते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

"अजून नाही ठरलं, आई," मी म्हणते, आणि गवारीचा अर्धा ढीग पलीकडे सरकवते.