चांदणी काठीला घाबरत नाही

दत्ताराम परबला घोड्यांतलं काही कळत नव्हतं, आणि ते तो लपवतही नसे. बाप गिरणीत, स्वतः तेवीस वर्षं मुलुंडच्या सोसायट्यांच्या गेटवर. गुडघे गेले तेव्हा गुणाजी नावाच्या गाववाल्याने त्याला आपल्या तबेल्यावर राखणीला ठेवला. गुणाजी वरातींना घोडे पुरवतो. डोंगराच्या पायथ्याशी पत्र्याची शेड, पाच घोडे, आणि पाटी मात्र राजेशाही.

पाचांतली चांदणी वरातीला जात नसे. आधी ती नाचणारी घोडी होती. बँडवर घोडी नाचते ती हौसेने, अशी वऱ्हाडाची समजूत असते. प्रत्यक्षात तिचे पुढचे पाय दोरीने आखडतात आणि काठीच्या तालावर ते उचलायला शिकवतात. पुढे बँड वाजला की तिला काठी आठवते, आणि पाहुणे टाळ्या वाजवतात. चांदणीच्या पायांवर दोरीने घासून केस गेलेले पट्टे होते. कुणी हात वर केला, अगदी डोकं खाजवायला केला, तरी ती लाथ झाडायची.

"दत्ता, हिच्या जवळ जाऊ नको रे," गुणाजी म्हणाला. "तुझे गुडघे तसेही गेलेत."

दत्ताराम जवळ गेला नाही. तिच्या ठाणाच्या दारात बादली पालथी घातली आणि तिच्याकडे पाठ करून कालचा पेपर वाचत बसला. रोज दोन तास, सहा आठवडे. दुपारी डबा घेऊन येणारी त्याची बायको सुगंधा ते बघून म्हणाली, "घराक तरी काय येगळा करतास?"

ही युक्ती त्याला कुणी शिकवली नव्हती. जो काहीच करत नाही त्याला कुणी घाबरत नाही, एवढं मात्र तो गेटवर बसून शिकला होता.

सातव्या आठवड्यात मानेवर गरम श्वास आला. दत्तारामने पान उलटलं आणि निधनवार्ता शेवटपर्यंत वाचून काढल्या. मागे वळला नाही.

मग तिच्या खांद्याला हात. आधी उलटा, मग सुलटा, आणि आठवड्याला बोटभर खाली. पायावरच्या पट्ट्यांपर्यंत पोचायला गणपती आले. मग दोरी धरून शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर चालणं. तो थांबला की तिने थांबायचं, तो मागे सरला की तिनेही. ओढायचं नाही. तिने नाही ऐकलं, तर ऐकेपर्यंत उभं राहायचं. उभं राहण्याचा त्याला अनुभव होता. शेवटी काठी. ती आधी नुसती कोपऱ्यात टेकवून ठेवली. मग काठीच्या शेजारी हरभरे. मग हातात धरली, मग हळूहळू वर नेली. दिवाळीनंतर दत्ताराम डोक्यावर काठी उगारून उभा राही आणि चांदणी तिचं टोक हुंगत असे.

"झकास," गुणाजी म्हणाला. "आता विकली जाईल."

हे दत्तारामला सुचलंच नव्हतं. "विकायची कशाला? वरातीला ने ना तिला."

"बँड वाजला की अजून पाय उचलते ती."

"ते पण करून देतो. एक वर्ष दे."

"वर्ष कुठलं, यार? इथे टॉवर येतोय, शेड मार्चला जाते. चार घोडे भावाकडे वसईला. पाचव्याला जागा नाही."

गिऱ्हाईक आलं ते नगरकडचं. अंबादास नाव, धंदा नाचघोड्यांचा. चांदणीच्या पायांवरचे पट्टे बघून तो खूश झाला. "शिकलेली आहे की! म्हणजे अर्धं काम झालंय."

लाथ मारणारी घोडी कुणी विकत घेत नाही, हे दत्तारामला ठाऊक होतं. तिने एकदाच, अंबादासच्या देखत, पूर्वीसारखी लाथ झाडली असती, तर तो रिकामा टेम्पो घेऊन परत गेला असता. मार्चपर्यंत काहीतरी बघता आलं असतं. दत्तारामने कोपऱ्यातली काठी घेतली, ओरडला, आणि उगारली.

चांदणीने टोक हुंगलं.

त्याने काठी पत्र्यावर आपटली. चांदणीने पत्र्याकडे बघितलं.

"वा मामा!" अंबादास म्हणाला. "काय बसवलीय घोडी! आमची पोरं मारून मारून थकतात, तरी घोडी एवढी शांत उभी राहत नाही."

आता एकच उपाय उरला होता. दत्तारामने डोळे मिटले आणि काठी तिच्या खांद्यावर मारली. चांदणी दचकली. फटका कुठून आला हे तिला कळेना. तिने इकडेतिकडे पाहिलं, आणि मग ती दत्तारामच्या आडोशाला येऊन उभी राहिली, डोकं त्याच्या पाठीला लावून.

अंबादासने जागीच सौदा पक्का केला.

टेम्पोच्या फळीवर ती चढेना. अंबादासने हात पुढे करून काठी मागितली. दत्तारामने ती दिली नाही. तो स्वतः फळीवरून वर गेला, दोरी ढिली सोडून, न ओढता. चांदणी मागोमाग चढली. मग तो बाजूच्या फटीतून अंग चोरून खाली उतरला आणि मागचा फळका लागला. आतून काही आवाज आला नाही. तिला वाटत असावं, तो पुढेच आहे.

दुपारी सुगंधा डबा घेऊन आली तेव्हा तो रिकाम्या ठाणात उभा होता.

"गेली?"

"मी तिका मारलंय," दत्ताराम म्हणाला.

सुगंधाने डबा खाली ठेवला. "लागला तिका?"

"लागला असतला. पन मी मारलंय, ह्या तिका कळूकच नाय."