डोंगरकड्याचा उलटा सिनेमा

डोंगरकडा या आमच्या गावात आमच्या पिढीला एका गुन्हेगारी सिनेमाचं वेड होतं. थेटरात तो आपटला होता. आमच्यापर्यंत आला तो कॅसेटवर. पुढं त्याची सीडी निघाली, मग डीव्हीडी, मग एक गाणं जास्त असलेली डीव्हीडी, आणि आता जुनी रिळं धुऊनपुसून काढलेली चकचकीत ब्लू-रे. यातलं एकूण एक मी विकत घेतलं. सीडीनंतरच्या डब्यांवरचं प्लॅस्टिक मात्र फोडलं नाही. खरा संग्राहक फोडत नसतो, असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग रिकामा डबाच घ्यायचा ना."

मध्यंतरी हिंगोलीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारे तरुण सर घरी आले. त्यांना फिल्म क्लब काढायचा होता. प्राचार्यांनी अट घातली होती: पहिला कार्यक्रम रंगला तर दर महिन्याला सभागृह, नाहीतर विषय बंद.

"काका, तुमचाच सिनेमा दाखवतोय. सगळी भिस्त तुमच्या भाषणावर," सर म्हणाले.

"निर्धास्त राहा," मी म्हणालो.

निघताना बायको म्हणाली, "एकदा बघून तरी जा. किती वर्षं झाली."

मी हसलो. पुजाऱ्याला आरती पाठ आहे का विचारल्यासारखं वाटलं.

भाषण झकास झालं. मी सांगितलं की या सिनेमाची सुरुवातच मुडद्यापासून होते. मध्यावर चक्क 'समाप्त' अशी पाटी येते, आणि तिच्यानंतर नटांची नावं! "मेलेल्याची गोष्ट संपली, आता जिवंतपणी तो कोण होता ते बघा, असं दिग्दर्शक सांगतो. हे धाडस दुसऱ्या कुणाच्या बापाला जमलेलं नाही." टाळ्या पडल्या. प्राचार्यांनीही वाजवल्या.

दिवे गेले. पडद्यावर नावं आली. मग एक हसरा पोरगा एसटीतून उतरला, त्यानं पेरू घेतला आणि गाणं सुरू केलं. मुडदा काही येईना.

मी सरांकडे झुकलो. "मधूनच लावलंत."

"काका, पहिल्यापासून लावलंय."

"मग कंपनीनंच चुकीचं भरलंय," मी म्हणालो. आवाज तसूभर उतरला नव्हता.

तेवढ्यात मागून माझा वर्गमित्र ओरडला. डोंगरकड्यातली केळी सोडून तो खास माझ्यासाठी चार माणसं घेऊन आला होता. "ओ सर, ह्ये काहून उलटं लावून राहिले तुमी? मुडदा दाखवा की आदी!"

प्राचार्यांनी दिवे लावायला सांगितले. "वक्ते, मुडदा कुठंय?"

माइकपर्यंत चालत जाताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या व्हिडिओ लायब्ररीत हा सिनेमा दोन कॅसेटांत होता. लायब्ररीवाल्यानं चिठ्ठ्या उलट्या चिकटवल्या असणार. टीव्ही आणि व्हीसीआर आम्ही दिवसाच्या भाड्यानं आणायचो; 'समाप्त' आलं तरी कुणी उठत नसे, कारण दुसऱ्या कॅसेटचंही भाडं भरलेलं. पुढं सीडी आली, तीही दोन चकत्यांची, तेव्हा एक नंबरची चकती लावली तर नावं आणि गाणं! कंपनीचा छापखाना चुकला असं ठरवून मी पेनानं आकडे दुरुस्त केले. मित्रांच्या सीड्याही आणवून घेतल्या आणि दुरुस्त करून दिल्या. फुकट.

हे सगळं मी माइकवर सांगून टाकलं. सभागृह खदखदून हसलं. सर तेवढे मान खाली घालून बसले होते. माझं काय, मी फजित्या पचवलेला माणूस. पण त्यांचा क्लब हातचा चालला होता.

"साहेब," मी म्हणालो, "चुकलो मी. सिनेमा नाही चुकला. आमच्या क्रमानं एकदा लावा."

"कशाला?"

वर्गमित्र उभा राहिला. "सरळ बघितला तर खुनी कोण एवढंच कळतंय साहेब. आमच्या बाजूनं बघा, गळ्यात अडकतंय."

प्राचार्यांनी घड्याळ बघितलं. "लावा. मी थोडा वेळ बसतो."

सरांनी सिनेमा निम्म्यापर्यंत पुढं पळवला. विहिरीतून मुडदा निघाला, तपास झाला, खुनी सापडला: मेलेल्याचा जिवलग दोस्त. 'समाप्त' आलं. निम्म्या पोरांनी दप्तरं उचलली. वर्गमित्र दारात आडवा झाला. "बसा की लेकरांनो, अजून मेलेला यायचाय!"

काही तरीही गेलीच. उरलेली बसली. सरांनी सिनेमा पुन्हा पहिल्यापासून लावला.

नावं आली. एसटी आली. मघाचाच हसरा पोरगा उतरला, आणि या वेळी कुणी हसलं नाही. त्यानं पेरू फोडला आणि मोठा अर्धा दोस्ताला दिला. माझ्या मागची पोरगी हळूच "नको ना" म्हणाली. गाण्याला मघाशी शिट्ट्या पडल्या होत्या; आता पंख्याचा आवाज ऐकू येत होता. शेवटी दोघं एका सायकलवर डबलसीट दूर गेले, 'मध्यंतर' अशी पाटी आली आणि आमचा सिनेमा संपला.

दिवे लागले तेव्हा प्राचार्य खुर्चीतच होते, चष्मा पुसत. "सर, पुढच्या महिन्याचं सभागृह नोंदवून टाका," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुम्ही मात्र आधी बघून या."

"बघतो की," मी म्हणालो.

बाहेर ती मागची पोरगी आडवी आली. "काका, दिग्दर्शकाला हे माहिताय का?"

"नाही गं," मी म्हणालो. "त्यानं बिचाऱ्यानं सरळच बघितलाय."