एका हाताचा पट्टा

सगळे तिला भिंगरी म्हणत, आणि ते काही उगीच नव्हे. भाजी गॅसवर टाकून ती शिलाई मशीनवर बसायची आणि अर्धी शिवण टाकून दाराशी पळायची. जुन्या कापडांतून पट्टे, पर्सा, केसांचे बो शिवून तिने अर्धी गल्ली नटवली होती. पण हल्ली तिचं कशातच लक्ष लागत नव्हतं. तिचा नवरा दिवसभर खुर्चीत बसून असायचा.

ते शाळेत कवायतीचे मास्तर. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्यांचे पाय सुधारले, डावा हात मात्र लुळाच राहिला. सकाळी ती कमरेचा पट्टा लावून द्यायची, तेव्हा मास्तर छताकडे बघत उभे राहायचे. बाहेर पडायचं नाव नाही. बाहेर लघवीला जावं लागलं तर पट्टा कोण लावून देणार? त्यांच्या मनातलं तिने ओळखलं.

तिने पडद्याचं निळं कापड काढलं, ताठ राहावा म्हणून आत बकरम घालून पट्टा शिवला, एका टोकाला कडी बसवली. मास्तरांनी एका हाताने दुसरं टोक कडीतून ओढलं, की कडीच मागे पळायची. मग तिने वेल्क्रो लावलं.

"चर्रर्र वाजतंय. चारचौघांत सोडू कसा?" मास्तर उखडले.

"मग बसा घरात!" ती बोलून गेली.

शेवटी तिने त्यांची पँट स्वतः चढवली, डावा हात पाठीमागे खोचला आणि आरशासमोर झटापट केली. तेव्हा उमगलं. कडी पँटच्या लूपलाच टाके घालून टाकायची, म्हणजे पळेल कुठे? आणि वेल्क्रोऐवजी टिचबटण.

दुसऱ्या सकाळी मास्तरांनी पट्टा लावला, सोडला, पुन्हा लावला. "येतो जरा," म्हणाले आणि गेले.

आता हिचा जीव थाऱ्यावर राहीना. टिचबटण निसटलं तर? टाके उसवले तर? सारखी चप्पल घालायची, काढायची. हेच हवं होतं ना तुला, असं स्वतःला दटावूनही झालं.

मास्तर घामेजून परतले. "बागेतल्या बाकावरच्या मंडळींनी विचारलं, पट्टा कुठून आणलास."

"मग?"

"दुकानातून, म्हणालो."

तिचं डोकंच फिरलं. "दुकानातून? बोटं माझी सोलवटली आणि..."

"अगं, तू शिवलास म्हटलं असतं, तर का शिवलास तेही सांगावं लागलं असतं." ते खुर्चीत टेकले. "कुणाच्या काही लक्षातच आलं नाही."

तिचा राग कुठल्या कुठे गेला. डोळे पुसत ती म्हणाली, "उद्या दुकानाचा पत्ता विचारतील."

"विचारू देत. जाणार आहेच मी उद्या."