उर्फ चोराच्या नावाला लागतो

ती केस आठवली की आजही माझी मान खाली जाते. लिहिताना कोणाचं नाव द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण ही केस नावाचीच आहे, म्हणून दोन बायांची नावं बदलून लिहितो. बाकी घडलं तसंच.

मी सातवी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार होऊन निवृत्त झालो. शिक्षण कमी, म्हणून कागदावर भरोसा जास्त. माणूस खोटं बोलतो, सरकारी कागद बोलत नाही, असं नव्या शिपायांना छातीठोक सांगायचो.

तेव्हा मेहकर तालुक्यातल्या एका ठाण्यात होतो. सकाळची हजेरी आटोपली आणि एक शेतकरी खबर घेऊन आला. त्याच्या चुलतभावानं मुलीच्या जातीच्या दाखल्यासाठी तहसीलमध्ये प्रतिज्ञापत्रावर वंशावळ दिली होती. तिच्यात त्यानं स्वतःच्या आईचं नाव सरस्वती लिहिलं होतं. खबऱ्यानं दोन उतारे टेबलावर ठेवले. एक सरस्वतीच्या मृत्यूचा, दुसरा चुलतभावाच्या जन्माचा. आई मेली आधी, पोरगा जन्मला नंतर.

"साहेब, काकू मेल्यावर पोरगं कसं होईन? हा आमच्या काकाचा नाहीच. फुकटचा वावरात हिस्सा खाऊन राह्यला."

मी चुलतभावाला बोलावलं. तो म्हाताऱ्या आईला घेऊनच आला.

"माय समोर बसेल आहे साहेब. मले दुसरं काही माहीत नाही."

"कागद म्हणते तुही माय मेली. खरं बोल, नाहीतर खोट्या प्रतिज्ञापत्राचा गुन्हा दाखल करतो. आज इथंच मुक्काम."

म्हातारी बाकड्यावर अंग चोरून बसली होती. गळ्यात काळ्या दोऱ्यात चांदीचा छोटा टाक होता. मी तो पाहिला. दागिना म्हणून पाहिला.

"सरस्वती तूच का?"

"हाव."

"नवऱ्याचं नाव सांग."

तिनं पदर तोंडाला लावला. जुन्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे मला काय माहीत नव्हतं? माझी आईही घेत नव्हती. पण माझा पारा चढला होता. भर ठाण्यात मी मोठ्यानं म्हणालो, "मेल्यावर बाळंत झालेली बाई आज पहिल्यांदा पाहून राह्यलो!"

सगळे हसले. तिच्या पोराचे डोळे भरले. म्हातारी खाली फरशीकडे पाहत राहिली.

दुपारी जानेफळहून तिचा भाऊ आला. पोरानं फोन केला होता. म्हातारा दारातूनच ओरडला, "गोदे! इथं काऊन बसली वं?"

आणि ती झटकन उठली. सकाळपासून माझ्या हाकेला ती जागची हलत नव्हती, या हाकेला लहान पोरीसारखी उठली.

मी त्याला अडवलं. "गोदा कोणाले म्हटलं?"

"माह्या बहिणीले. बापानं गोदावरी नाव ठेवलं तिचं. ही दुसरेपणाची आहे साहेब. पहिली सरस्वती लेकरू न होताच मेली. हिच्या सासूनं मांडवातच सांगतलं, नाव तेच चालवा, नाहीतर मेलेली घराले लागते. त्या मेलेलीच्या नावाचा टाकही हिच्या गळ्यात घातला. तो काय, दिसून राह्यला."

दोन्ही कागद खरे होते. एका नावाच्या दोन बाया होत्या, एवढंच.

"बाई, मग तुम्ही बोलल्या काऊन नाही?" माझ्या तोंडून आता 'तुम्ही' निघालं.

"तुम्ही सरस्वती का म्हणलं, म्या हाव म्हणलं. गोदा कुठी आहे, असं कोणी इचारलं?" सकाळी खबर घेऊन आलेला पुतण्या अजून तिथंच होता, ती त्याच्याकडे वळली. "काऊन रे, तुले गोवर निघाला तवा उशाशी कोण बसलं होतं? मेलेली काकू?"

पुतण्या टेबलावरचे उतारे गोळा करू लागला. त्याला सगळं ठाऊक होतं. हिस्सा वाचवायला त्यानं दोन कागद पुढं केले, आणि मी त्यांच्यामागे मुकाट चाललो.

मी जबाब लिहायला घेतला. 'सरस्वती उर्फ गोदावरी' असं लिहून वाचून दाखवलं. ती म्हणाली, "उर्फ काऊन लिवता? उर्फ तं चोराच्या नावाले लागते."

"बाई, दोन नावं असली की तसंच लिहावं लागते."

"माहं एकच आहे. दुसरं तिचं आहे. तिचं तिले द्या, माहं मले द्या."

लिहिलेला जबाब मी नोकरीत कधी फाडला नव्हता. तो फाडला. भावाचा जबाब घेतला, गावातल्या दोन म्हाताऱ्यांचा घेतला. पोरावर गुन्हा दाखल केला नाही. त्या जबाबांवर त्यानं दुरुस्तीचा अर्ज केला. पुढं वंशावळीत नवऱ्याच्या नावाखाली दोन बाया शेजारी शेजारी आल्या. पहिली सरस्वती. दुसरी गोदावरी, तिच्याखाली पोरगा.

माफी मात्र मी मागितली नाही. अंगावर वर्दी होती, आणि स्वभाव तर तुम्हाला कळलाच असेल.

निवृत्तीनंतर एकदा ती चिखलीच्या स्टँडवर दिसली. मी पुढं होऊन हाक मारली, "गोदाबाई!"

तिनं ओळखलं. हसली. "साहेब, तुमच्या तोंडी नाव बरं वाटते. पण त्या दिवशी लोक हसले, ते काही जात नाही मनातून."

एसटी लागली, ती चढून गेली. कागदावरची चूक अर्ज करून दुरुस्त होते. मी ठाण्यात बोललो त्याला कुठं अर्ज करायचा, ते मला अजून सापडलेलं नाही.