आक्कांच्या शांततेला पाणी

फाल्गुनातल्या त्या दुपारी परभणीच्या दवाखान्यातून यांचा फोन आला, तेव्हा आवाज तुटत होता. आधी एक-दोन अक्षरं, मग काहीच नाही, मग लांबून वारा वाहावा तसं काहीतरी... आणि त्या रिकाम्या जागेतच मला कळलं, की आक्का गेल्या. ते ओळखायला आक्कांनीच शिकवलं होतं. माझ्या या थोरल्या नणंदेची सगळी नोकरी परभणीच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये, कानाला हेडफोन लावून, इकडच्या माणसाला तिकडच्या माणसाशी जोडून देण्यात गेली. त्या सांगत, "वाईट बातमी तोंडातून निघायच्या आधी लाइनवर एक शांतता येती. ती आली की मी मधून निघून जायची. लोकाचं दुःख ते, आपण कशाला ऐकावं?" त्या दुपारी मधून निघून जाणारं कुणी नव्हतं. मी फोन कानाशी धरून उभी राहिले, आणि निवडायला घेतलेली मेथी परातीत सुकत गेली.

आक्कांनी लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर त्या मानवतला, आमच्या घराच्या मागच्या अंगाच्या खोलीत राहायला आल्या. येताना त्यांच्याबरोबर एक ट्रंक, एक संगणक, एक अॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर होते. ट्रंकेपेक्षा स्पीकरच जड. हंगामात जिनिंगच्या कारखान्याकडून उडत येणारी कापसाची तुसं त्यांच्या खिडकीच्या जाळीत अडकत, आणि त्या पांढुरक्या उजेडात आक्का डोळे मिटून गाणं ऐकत बसत. ऐकता ऐकता कपाळाला एक बारीक आठी पडे. "उभ्या जन्मात माणसांचे आवाज खरखरीतून ऐकले," त्या एकदा म्हणाल्या, "आता एक डाव गाळलेला आवाज ऐकायचाय." त्या आठीचं मूळ त्यांनीच शोधून काढलं. संगणकात गाणं आकड्यांच्या रूपात साठवलेलं असतं. स्पीकरपर्यंत जाण्याआधी त्या आकड्यांची पुन्हा लहर व्हावी लागते. हे काम संगणक आपला उरकून टाकतो. मनापासून करणारी वेगळी पेटी मिळते. तिला डॅक म्हणतात. आक्का तिला दुभाष्या म्हणू लागल्या. "दुभाष्या चांगला पायजे. न्हाईतर बोलणारा एक बोलतो आन् ऐकणाऱ्याला भलतंच कळतं." त्या पेटीच्या पैशात चांगल्या पाटल्या झाल्या असत्या, असं आमच्या घरात एकदा बोललं गेलं. आक्कांनी आपले मोकळे हात पुढे करून सगळ्यांना दाखवले, आणि तो विषय तिथेच मिटला.

दुभाष्या निवडायला आम्ही दोघी मानवत रोडहून गाडी धरून हैदराबादला गेलो. ती खोली मला अजून नाकाने आठवते: नवा गालिचा, थंड हवा, गरम झालेल्या यंत्रांचा किंचित करपट वास. दुकानातल्या तरुणाने आमची पांढरी डोकी पाहून मोठ्या उत्साहाने काहीतरी ढोलांचं लावायला घेतलं. आक्कांनी हात वर केला. "ठैरो मियाँ. पैले कुछ बी नक्को बजाओ." तो थबकला. आक्का मात्र कान देऊन बसल्या... काहीच वाजत नसताना. लाइन कशी आहे, हे बोलणं सुरू होण्याआधीच कळतं, असा त्यांचा अनुभव होता. मग त्यांनी घरून नेलेला एक यमन लावायला सांगितला. कुण्या बाईंचा, संथ, फारसा कुणी न ऐकलेला. पहिल्या पेटीतून तो असा आला, की मी विरघळलेच. गुळाच्या पाकातून काढल्यासारखा प्रत्येक सूर. दुसऱ्या पेटीतून तोच यमन मला जरा कोरडा वाटला. मी पहिलीकडे बोट दाखवलं. आक्का हसल्या. मी कविता लिहिते, त्यावरून त्या मला चिडवत. "कवीनबाई, तुला गोडाचा लय नाद. आगं, नीट ऐक. त्या पेटीत बाई नुस्ती गाती. ह्या पेटीत श्वास घेती." मी पुन्हा ऐकलं. निषादावर जाण्याआधी एक ओलसर, माणसाचा श्वास होता. तो एकदा ऐकल्यावर मला पहिली पेटी ऐकवेना.

मानवतच्या खोलीत त्या पेटीची स्थापना झाली. खाली शहाबादी फरशीचा तुकडा, म्हणजे थरथर लागू नये. विजेची तार एका भिंतीने, आवाजाची तार दुसऱ्या भिंतीने. "ह्या दोघी जावा-जावा हायत," आक्का मला सांगत होत्या, "लांब राहिल्या तर गोड. एकीला एक खेटल्या, की कुरकुर सुरू." पहिला यमन लागला, श्वास आला, निषाद आला, आणि आक्कांच्या कपाळावरची आठी मिटली. पण गाणं संपलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "काय ऐकायलीस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काहीच नाही. "खालून 'हं' असं येतंय... भुंगा कोंडल्यावानी." मी स्पीकरला कान लावला. मला शांतताच ऐकू आली. यांनाही काही ऐकू आलं नाही. हैदराबादच्या दुकानदाराने फोनवर शपथेवर सांगितलं, की या यंत्रात असला आवाज नाही. मग हे आक्कांना परभणीला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. इतकी वर्षं हेडफोन लावला, त्यात वय. असा गुंजारव कानातच सुरू होऊ शकतो, आणि तो बहुधा जात नाही, असं डॉक्टर म्हणाले.

परत आल्यावर आक्कांनी पेटीवर एक धुतलेला टॉवेल पांघरला. त्यामागचं मला दिसत होतं. आवाज तारेत असेल तर तार बदलता येते. तो कानात असेल, तर एवढी वाट पाहून हाती आलेली शांतता त्यांना कधीच मिळणार नव्हती. जेवताना एकदा त्या सहज म्हणाल्या, "लोकाची खरखर इतकी वर्सं कानात साठली. आता ती बाहेर पडायली असंल." आणि ताटातली भाकरी त्यांनी तशीच ठेवली.

एका सकाळी मी त्यांची खोली पुसायला गेले. टॉवेल उचलून ओल्या फडक्याने पेटीचं धातूचं झाकण पुसलं आणि बोटांच्या टोकांना काहीतरी चावलं. झटका म्हणता येणार नाही; मुंग्यांची एक बारीक रांग त्वचेखालून जावी तसं. मी फडकं टाकून आक्कांना हाक मारली. त्यांनी स्वतः झाकणाला बोट लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "लाव गं ते चालू," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसल्या. मी पेटीची तार काढायची, लावायची, कधी नुसतंच हात हलवल्याचं सोंग करायची. "हाय... न्हाई... हाय... आता तू मला फसवायलीस, हायच." एकदाही त्या चुकल्या नाहीत. मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी त्यांच्या पाठीकडे पाहत होते, आणि ती पाठ दर उत्तराबरोबर थोडी थोडी ताठ होत चालली होती.

वायरमन रज्जाकभाईंनी भिंतीमागे जाऊन पाहिलं आणि तिथूनच त्यांचं हसू ऐकू आलं. घराच्या अर्थिंगची तार पूर्वी कुणीतरी नळाच्या लोखंडी पाइपाला गुंडाळली होती. मधल्या डागडुजीत यांनी तो पाइप बदलून प्लॅस्टिकचा टाकला होता. वर हातभर लोखंड शोभेला राहिलं होतं, जमिनीशी नातं केव्हाच तुटलं होतं, आणि तिथे उतरायची वीज पेटीतच गुणगुणत होती. आक्का ओसरीवर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "वा रे भाऊ. पाइप बदलला तू, आन् डागदराला कान दावला माझा." हे आठवडाभर त्यांच्यासमोर वर्तमानपत्र आडवं धरून बसत.

मग अंगणात खड्डा खणला गेला. काळ्या मातीत तांब्याची पट्टी, तिच्याभोवती कोळशाचा थर, मिठाचा थर, पुन्हा कोळसा. एक्सचेंजच्या आवारातही असा खड्डा होता आणि उन्हाळ्यात त्याला पाणी घालावं लागे, हे आक्कांना ठाऊक होतं. आपली माती तापली की भेगाळते आणि तारेचा हात सोडते. पहिली कळशी त्यांनीच ओतली. संध्याकाळी यमन संपला, तेव्हा त्या किती तरी वेळ तशाच बसून राहिल्या.  डोळे मिटलेले, आणि चेहऱ्यावर असं काही, की जणू पलीकडून कुणीतरी हळूच फोन ठेवला आहे आणि आता लाइन मोकळी आहे. त्यानंतर रोज अंघोळ झाली, की ओल्या केसांनी त्या खड्ड्याला कळशीभर पाणी घालत. शेजारच्या गोदावरीबाई कुंपणावरून विचारत, "आक्का, काय लावलंय तिथं? उगवंना तर काई." आक्का म्हणत, "उगवू नये म्हणूनच घालायलेय, बाई."

त्या गेल्यावर खोलीकडे जाणं आपोआप टळत होतं. पाडवा झाला, ऊन कडक झालं. एका दुपारी मी दार उघडलं, जाळीतली तुसं झटकली, टॉवेलची घडी केली आणि यमन लावण्यासाठी पेटी सुरू केली. गाणं अजून लागायचं होतं, आणि खाली काहीतरी होतं... हं. मी पंखा बंद केला. स्वयंपाकघरात जाऊन फ्रिज बंद केला. परत आले; ते होतंच. तार काढली, गेलं. लावली, आलं. इतक्या वर्षांत जो आवाज मला कधी ऐकू आला नाही, ज्यावर मी फक्त बोटांच्या आणि आक्कांच्या पाठीच्या भरवशावर विश्वास ठेवला होता, तो मला ऐकू येत होता. कोंडलेला भुंगा... अगदी त्यांनी म्हटला तसा. मी तिथेच पलंगाच्या कडेवर बसले आणि मला हसू आलं, डोळे भरले तरी हसूच आलं.

अंगणात खड्ड्याभोवतीची माती बोटभर भेगाळली होती. फाल्गुनापासून तिला कुणी विचारलं नव्हतं. कळशी ओतली, तसं पाणी आधी वरच थरथरत राहिलं, मग बुडबुडे काढत, आवाज करत आत गेलं. मातीचा, मिठाचा, जुन्या कोळशाचा वास वर आला. आणखी एक कळशी. आणखी एक. गोदावरीबाई कुंपणाशी आल्या होत्या. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही. आपली भरलेली बादली उचलून कुंपणावरून माझ्या हातात दिली.

ऊन कलल्यावर मी पुन्हा खोलीत येऊन बसले. हे दाराशी येऊन उभे राहिले. आत यायचं की नाही, ते त्यांना ठरवता येत नव्हतं.

"यायलंय का काही ऐकू?" त्यांनी हळूच विचारलं.

मी कान दिला. खूप वेळ दिला.

"नाही," मी म्हटलं, "काहीच नाही. या, बसा."

ते येऊन आक्कांच्या जागेशेजारी बसले, मी यमन लावला, आणि त्या स्वच्छ, ओल्या शांततेत बाईंनी श्वास घेतला.