चौदा आटे

"मामा, आमच्या वरच्या आळीचा व्हॉल्व्ह दोन आटे जास्त फिरवा. परवा मतं मागायला जायचंय मला," वॉर्डाचा मेंबर म्हणाला. "जमत नसेल तर चावीला दुसरा माणूस बघतो."

चावीमामा बावीस वर्षं गावाला पाणी सोडत होता. दुसरं काही त्याला येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं. वरच्या आळीचा व्हॉल्व्ह चौदा आटे उघडला की उतारावरच्या शेवटच्या घरालाही पाणी मिळे. सोळा उघडला की वरची आळीच सगळं पिऊन टाकी.

त्यानं लांब लोखंडी चावी खड्ड्यात सोडली, चौदा आटे मोजले आणि चावीच्या दांड्याला कान लावून डोळे मिटले. मग तो पाण्यासोबतच निघाला. शाळेच्या भिंतीखालून, उन्हात पसरलेल्या मांजरीखालून, न्हाव्याच्या खुर्चीखालून, रमतगमत, थेट शेवटच्या घरापर्यंत. तिथल्या नळानं आधी फुसफुस केली, मग करंगळीएवढी धार धरली.

"मामा, झोपलात काय?"

"तुमच्या ताईच्या हंड्यात आत्ता पाणी पडायला लागलं," मामा डोळे मिटूनच म्हणाला. "शेवटचं घर त्यांचंच ना? बोला, फिरवू दोन आटे?"

मेंबरनं इकडंतिकडं पाहिलं. "ती भर चौकात माझा कान धरेल हो. राहू द्या चौदाच. आणि मी आलो होतो हे तिला सांगू नका."

"मी कशाला सांगू? मी तर झोपलो होतो."

मामानं चावी खांद्यावर टाकली आणि पुढच्या व्हॉल्व्हकडं चालू लागला.